सोयी दिसेनाशा का होतात, आणि त्या पुन्हा दिसाव्यात म्हणून काय करावं

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या शहरांतली वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, घरून काम करणाऱ्यांचे कॉल तुटले, विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. काही भागांत दोन-तीन तासांत वीज आली, काहींना संध्याकाळपर्यंत वाट पाहावी लागली. वर्षानुवर्षं लोडशेडिंग काढलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला या गोंधळाचं हसू आलं असेल, आणि ते रास्तच होतं. पण त्या दिवशी दुपारी पंखा पुन्हा फिरला तेव्हा मुंबईकराला जे वाटलं ते खरं होतं. दोन दिवसांनी तोच पंखा, तोच वारा, आणि वाटणं मात्र शून्य.

या दोन दिवसांत पंख्यात काही बदल झाला नव्हता. मेंदूने त्याची नोंद घेणं थांबवलं होतं, इतकंच. मेंदू बदल टिपतो, स्थिती टिपत नाही. रोज मिळणाऱ्या गोष्टीवर लक्ष खर्च करणं त्याला परवडत नाही, म्हणून जे नेमाने होतं ते तो गृहीत धरतो. नवा फ्लॅट, नवी नोकरी, नळाला चोवीस तास पाणी, सगळ्यांचं हेच होतं. मानसशास्त्रात याला सुखाची सवय होणं म्हणतात. हा स्वभावदोष नाही आणि कृतघ्नपणाही नाही. त्यामुळे ‘तुला किंमतच नाही’ असं कुणाला सुनावून ती सवय मोडत नाही.

या विषयावरचा एक गाजलेला अभ्यास १९७८ चा आहे. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले लॉटरी जिंकलेले २२ जण, त्यांच्याच आसपास राहणारे न जिंकलेले २२ जण आणि अपघातात अपंगत्व आलेले २९ जण यांना प्रश्न विचारले. त्यातला ‘लॉटरी जिंकूनही लोक सुखी झाले नाहीत’ हा निष्कर्ष सगळीकडे सांगितला जातो, पण तो जरा हात राखून घ्यावा. नमुना फार छोटा होता, आणि स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांवर नंतर झालेल्या बऱ्याच मोठ्या अभ्यासात त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान वाढलेलं आणि टिकलेलं दिसलं. ब्रिकमन यांच्या अभ्यासातला दुसरा, कमी सांगितला जाणारा भाग आपल्या कामाचा आहे. मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, एखादा विनोद, टीव्ही पाहणं अशा रोजच्या साध्या गोष्टींतून मिळणारा आनंद विजेत्यांना इतरांपेक्षा कमी वाटत होता. मोठ्या सुखाने लहान सुखांची उंची कमी केली.

सवयीच्या जोडीला दुसरी अडचण आहे. अडथळे लक्षात राहतात, मदत राहत नाही. शाय दाविदाय आणि थॉमस गिलोविच या संशोधकांनी २०१६ मध्ये यासाठी वाऱ्याचं उदाहरण घेतलं. सायकल चालवताना समोरून वारा आला की प्रत्येक पायडलला तो जाणवतो. वळण घेतल्यावर तोच वारा पाठीवर येतो, मिनिटभर बरं वाटतं, आणि मग आपण स्वतःच्या जोरावर चाललो आहोत असं वाटू लागतं. त्यांनी लोकांना अनेक क्षेत्रांबद्दल विचारलं. आपल्या वाट्याला अडथळेच जास्त आले असं बहुतेकांना वाटत होतं, अगदी भावंडांनाही: आईवडील माझ्याशी जास्त कडक होते, दुसऱ्याला सूट होती. घरात दोन मुलं असलेल्या कुणालाही हे पटायला अभ्यासाची गरज नाही.

आता यात अनिश्चितता मिसळा. कंपनीत माणसं कमी करण्याच्या बातम्या आहेत, पावसाने खंड दिलाय, घरात कुणाचे तरी रिपोर्ट यायचेत. अशा वेळी लक्ष पुढच्या धोक्यावर खिळतं. ते खिळणं गरजेचंही असतं, नाहीतर तयारी कोण करणार? पण त्या भरात आज जे व्यवस्थित चाललंय ते नजरेआड होतं. कृतज्ञतेचा सराव म्हणजे या नजरेआड गेलेल्या गोष्टींकडे ठरवून लक्ष नेणं. भावना जबरदस्तीने आणता येत नाही. लक्ष मात्र नेता येतं, आणि पद्धत बरोबर असेल तर भावना बऱ्याचदा मागून येते.

पद्धत

एक वही, एक पेन, आठवड्यातला एक ठरलेला वार आणि दहा मिनिटं. मोबाइलवर लिहिलं तरी चालतं, पण तिथे तिसऱ्या ओळीलाच मेसेज येतो. वेळ अशा कामाला जोडावी जे तसंही होणारच आहे, उदाहरणार्थ शनिवारी रात्री ओटा पुसून झाल्यावर. ‘निवांत वेळ मिळाला की लिहू’ म्हणणाऱ्याची वही कोरीच राहते.

नोंदी तीनच, आणि तिन्ही गेल्या सात दिवसांतल्या. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी याव्यात: नेमकं काय घडलं, ते कुणामुळे किंवा कशामुळे घडलं, आणि ते कुठे अडू शकलं असतं. ‘आरोग्य चांगलं आहे, कुटुंब आहे, घर आहे’ ही नोंद नव्हे. असं लिहिणारा तिसऱ्या आठवड्यात कंटाळतो, कारण त्यात पाहण्यासारखं काही उरतच नाही. नोंद अशी असते: ‘मंगळवारी बाबांची बीपीची गोळी संपली. सव्वानऊला मेडिकलवाल्याने शटर अर्धं ओढलं होतं, तरी आत जाऊन पट्टी काढून दिली. तो आठला बंद करणारा असता तर रिक्षाने स्टेशनपर्यंत जावं लागलं असतं.’ इथे दिवस आहे, माणूस आहे, अर्धं शटर आहे. मेंदूला धरायला काहीतरी मिळतं.

आठवड्यातून एकदाच का, रोज का नाही? रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका गटाने आठवड्यातून एकदा, असं दहा आठवडे, पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आयुष्याबद्दल अधिक बरं वाटत होतं. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवडे तुलना केली, तेव्हा आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. ज्या सवयीवर उपाय शोधतोय, तीच उपायालाही लागते, असा याचा अर्थ लावला जातो. याउलट मार्टिन सेलिगमन यांच्या २००५ च्या अभ्यासात लोकांनी सलग एक आठवडा रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्यांची कारणं लिहिली, आणि त्याचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसला, मुख्यतः ज्यांनी ते आपणहून पुढे चालू ठेवलं त्यांच्यात. तेव्हा व्यवहारात असं करावं: हात बसावा म्हणून पहिले सात दिवस रोज, मग आठवड्यातून एकदा.

वजाबाकी, पण मागच्या दिशेने

या सगळ्यात सर्वांत ताकदीची आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने केली जाणारी गोष्ट ही आहे: मिळालेली गोष्ट मनातल्या मनात वजा करून पाहणं. मिंकयुंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काही लोकांना आयुष्यातली एखादी चांगली घटना कशी घडली ते लिहायला सांगितलं, आणि काहींना ती कशी घडलीच नसती ते लिहायला सांगितलं. दुसऱ्या गटाला जास्त बरं वाटलं. घटना गृहीत धरलेल्या खणातून निघून ‘हे असंच व्हायला हवं होतं असं नाही’ या खणात गेली.

अनिश्चित काळात लोक हे ऐकतात आणि नेमकं उलट करतात. ‘नोकरी गेली तर काय?’ असं मनात आणून बघतात, म्हणजे आहे त्याची किंमत कळेल. त्याने किंमत कळत नाही, झोप जाते. ती काळजीच आहे, फक्त कृतज्ञतेचं नाव लावलेली. प्रयोगातली वजाबाकी भूतकाळात होती: हे मला मिळालं कसं, आणि कोणत्या वळणावर हुकलं असतं? ज्या मित्राने जाहिरात पाठवली त्याने ती पाठवली नसती तर? मुलाखतीच्या दिवशी गाडी रद्द झाली असती तर? मागच्या वजाबाकीचं उत्तर माहीत असतं: ते झालं, मिळालं. पुढच्या वजाबाकीचं उत्तर कुणाकडेच नसतं, म्हणून मन तिथे गोल गोल फिरतं. वहीत लिहिताना वाक्य ‘असतं तर’ने संपतंय की ‘गेलं तर’ने, एवढं पाहावं. ‘गेलं तर’ दिसलं की पेन थांबवावं. आणि माणसांची वजाबाकी करू नये, विशेषतः घरात आजारपण असताना. सोयींची करावी.

एक नळ, जवळून

वहीत ‘पाणी’ असं लिहिल्याने काही होत नाही. तेच पाणी नळापासून मागे मागे शोधत गेलं की चित्र बदलतं. मुंबईचं उदाहरण घेऊ, कारण तिथली साखळी लांब आहे आणि बहुतेकांना ती ठाऊक नसते.

शहराला सात तलावांतून पाणी येतं: अप्पर वैतरणा, मोडकसागर, मध्य वैतरणा, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. विहार सर्वांत जुना, १८६० चा. विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत असले तरी लहान आहेत, आणि एकट्या भातसाचा वाटा जवळजवळ निम्मा आहे. भातसा धरण ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहे. तिथून सोडलेलं पाणी नदीतून पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथे पंपांनी उपसलं जातं आणि पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध होतं. वैतरणा आणि तानसाचं पाणी भांडुपच्या केंद्रात जातं.

शुद्धीकरण म्हणजे काय, तर आधी तुरटीसारखी द्रव्यं घालून गढूळपणाचे बारीक कण एकमेकांना चिकटवायचे, ते जड होऊन तळाशी बसू द्यायचे, वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळायचं आणि शेवटी क्लोरीन घालायचं. क्लोरीन केंद्रातच संपून चालत नाही. वाटेत पाइपला तडा गेला, गटाराचं पाणी आत शिरलं, तर ते मारायला थोडं उरलेलं असावं लागतं. भारतीय मानकानुसार नळापाशी ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं. पावसाळ्यात पाण्याला येणारा वास ज्यांना खटकतो, त्यांच्यासाठी तो वास म्हणजे कुणीतरी मात्रा वाढवल्याची खूण असते.

पुढे मोठ्या जलवाहिन्या, मग टेकड्यांवरचे जलाशय. मलबार हिलला हँगिंग गार्डनमध्ये फिरणाऱ्यांच्या पायाखाली असा एक जलाशय आहे. आणि मग शेवटचा माणूस, चावीवाला. मुंबईत सगळ्या वस्त्यांना एकाच वेळी पाणी सोडलं तर दाब पुरत नाही, म्हणून भाग पाडून, वेळा ठरवून पाणी सोडतात. ठरलेल्या वेळी चावीवाला रस्त्यावरचं झाकण उचलतो, लांब दांड्याची चावी आत उतरवतो आणि झडप फिरवतो. हे रोज, वस्तीवस्तीत होतं. पहाटेच्या पाण्याची वेळ असेल तर त्याआधी कुणीतरी उठलेलं असतं. मग सोसायटीची जमिनीखालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी, आणि तुमचा नळ.

आता नोंद लिहून पाहा: ‘गुरुवारी पावणेसहाला नळाला पाणी होतं. त्याआधी कुणीतरी झडप फिरवली. तो आला नसता तर वॉचमनला टँकरसाठी फोन करावा लागला असता.’ बस, एवढीच.

इतर शहरांत साखळी वेगळी, पद्धत तीच. पुण्याला खडकवासला, नाशिकला गंगापूर, छत्रपती संभाजीनगरला जायकवाडी, सोलापूरला उजनी, दक्षिण गोव्यात साळावली. लातूरच्या लोकांना तर हे सांगायची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये तिथे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्यांचे डबे होते, सुमारे पाच लाख लिटर. तोवर नळ आपोआप चालतो असं तिथेही अनेकांना वाटत असणार.

हाच प्रवास गॅस सिलिंडर, दुधाची पिशवी, एसटी, रात्री जळणारा रस्त्यावरचा दिवा, कशाचाही करता येतो. आठवड्याला एकच सोय घ्यावी. माहिती नसेल तर विचारावं: दूधवाल्याला गाडी किती वाजता येते, वायरमनला फ्यूज उडाला की काय करावं लागतं. लोक या गोष्टी हौसेने सांगतात.

खंड

सवय मोडायचा आणखी एक मार्ग म्हणजे ती सोय थोडे दिवस थांबवणं. जॉर्डी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१३ च्या प्रयोगात एका गटाने आठवडाभर चॉकलेट सोडलं, एका गटाला भरपूर चॉकलेट देऊन हवं तेवढं खा म्हणून सांगितलं, एका गटाला काहीच सूचना दिल्या नाहीत. आठवड्याने सगळ्यांना चॉकलेट दिलं, तेव्हा ज्यांनी सोडलं होतं त्यांना ते सर्वांत जास्त आवडलं.

घरी करायचं तर एकच गोष्ट आणि सातच दिवस: दुपारचा चहा, स्टेशनपासूनची रिक्षा, झोपतानाचा मोबाइल. इथे बहुतेकांचं फसतं ते बदलीमुळे. चहा सोडला आणि कॉफी धरली की खंड पडतच नाही. आपल्याकडच्या उपासाचं अनेक घरांत हेच झालंय: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर रताळ्याचे काप, म्हणजे नेहमीपेक्षा जड जेवण. औषधं, झोप, मधुमेह असलेल्यांचं वेळेवरचं खाणं आणि मुलांच्या गोष्टी यांवर हा प्रयोग करू नये. ज्यांच्याकडे आधीच टंचाई आहे त्यांना तर याची गरजच नाही.

माणसाला सांगणं

वहीपेक्षा बोलण्याचा परिणाम बहुधा जास्त होतो, आणि लोक तेच टाळतात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं लिहिणाऱ्यांना वाटलं होतं, त्या मानाने ते फारच कमी झालं. आनंद मात्र अपेक्षेपेक्षा जास्त झाला.

मराठी घरात आईला किंवा भावाला समोर बसवून आभार मानले तर आधी ‘काय झालंय तुला?’ असं विचारलं जाईल. म्हणून नेमकं काम उचलून बोलावं. ‘आई, तू पाचला उठून डबा दिलास म्हणून आज सहा-चाळीस मिळाली.’ ‘दादा, ते फॉर्म तू रांगेत उभं राहून भरलेस, माझी अर्धी रजा वाचली.’ यात केलेलं काम आहे, त्याला लागलेला त्रास आहे आणि आपला झालेला फायदा आहे. घरी मदतीला येणाऱ्या मावशींना सांगायचं असेल तर सोबत वेळेवर पगार आणि भरपगारी सुट्टी असावी. नाहीतर गोड बोलून काम काढून घेण्यात आणि यात फरक राहत नाही.

कुठे बिघडतं

सर्वांत नेहमीचा बिघाड तुलनेचा. ‘बघ, लोकांना तेवढंही मिळत नाही’ हे वाक्य लहानपणी ताटावर ऐकलेलं असतं आणि मोठेपणी आपण स्वतःलाच ऐकवतो. त्यातून कृतज्ञता कमी आणि अपराधीपणा जास्त येतो. भारतीय सहभागी असलेल्या एका अभ्यासात कृतज्ञतेच्या सरावाने चांगल्या भावनांबरोबर खंत आणि अपराधीपणाही वाढलेला आढळला. आपल्याकडे उपकाराला परतफेडीचं ओझं चिकटलेलं असतं, हे त्यामागचं कारण असावं. उपाय सोपा आहे: नोंद करताना ‘हे मी फेडणार कसं’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘हे झालं कसं’ इथेच थांबावं.

दुसरा बिघाड दुसऱ्याने केलेला असतो. तीन महिने पगार थकवलेला मालक ‘नोकरी आहे ना, त्यात समाधान मान’ म्हणतो तेव्हा तो कृतज्ञता शिकवत नसतो, तक्रार बंद करत असतो. भातसा, तानसा, वैतरणा यांच्या परिसरातल्या शहापूर तालुक्यातल्या कित्येक गावांना आणि पाड्यांना उन्हाळ्यात टँकरवर राहावं लागतं. मुंबईच्या नळाची नोंद प्रामाणिकपणे मागे नेली की ती तिथेही पोचते. चावीवाल्याबद्दल बरं वाटणं आणि पाण्याच्या वाटपाबद्दल प्रश्न विचारणं, दोन्ही एकाच पानावर मावतं.

तिसरी गोष्ट अपेक्षेची. हा सराव औषध नव्हे. नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर कृतज्ञतेच्या सरावांचा काय परिणाम होतो, हे २७ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा परिणाम लहान निघाला. एमन्स यांच्या प्रयोगातही खरा फरक कटकटी लिहिणाऱ्यांच्या तुलनेत ठळक होता. नुसत्या घडामोडी लिहिणाऱ्यांच्या तुलनेत तो कमी होता. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर वही मिटून डॉक्टरकडे जावं. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

सहा आठवडे झाले की वही चाळावी. नोंदींमध्ये माणसं किती आहेत आणि नुसत्या वस्तू किती, ते पाहावं. सगळ्या वस्तूच असतील तर पुढचे दोन आठवडे प्रत्येक नोंदीत एक तरी माणूस हवा, नाव माहीत नसलेला चालेल. त्याच तीन गोष्टी फिरून येत असतील तर पंधरा दिवस लिहिणं बंद ठेवावं आणि मग खण बदलून सुरू करावं: एका आठवड्यात फक्त स्वयंपाकघर, पुढच्यात फक्त प्रवास, त्यापुढच्यात फक्त सरकारी गोष्टी. सरकारी गोष्टींचा आठवडा बहुतेकांना अवघड जातो. सुरुवात लसीकरणाच्या कार्डापासून किंवा रेशनपासून करावी.